परतीचा दोर मालकाच्या हाती हवा

२०२५च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने आयओएस २६ ही फोन चालवणारी नवी प्रणाली आणली आणि आयफोनचा चेहरामोहराच बदलला. बटणं, पट्ट्या, सूचना सगळं काचेसारखं अर्धपारदर्शक झालं. ज्यांना ते आवडलं ते खूश झाले. ज्यांना मागच्या चित्रावरची अक्षरं नीट दिसेनात, त्यांनी एकच प्रश्न विचारला: आधीच्या आवृत्तीवर परत कसं जायचं? त्यावरून जो वाद पेटला तो दर वर्षी पेटतो, अँड्रॉइडवाल्यांतही पेटतो, आणि दर वर्षी तितक्याच वाईट रीतीने घातला जातो. एक बाजू म्हणते, तुम्हाला बदलाची भीती वाटते, आठवड्याभरात सवय होईल. शिवाय जुन्या आवृत्तीवर जाणं म्हणजे चोराला दार उघडून देणं. दुसरी म्हणते, कंपन्या मुद्दाम जुने फोन मारतात, तेव्हा अपडेट करूच नका. पहिली बाजू विचारणाऱ्याच्या स्वभावावर घसरते, दुसरी कंपनीच्या मनात काय चाललंय याचे अंदाज बांधते. मूळ प्रश्न मात्र हक्काचा आहे आणि त्याला कोणीच हात लावत नाही. नोव्हेंबरमध्ये आलेल्या २६.१ मध्ये ती काच कमी पारदर्शक करण्याचा पर्याय ॲपलने दिला. म्हणजे तक्रार करणारे सगळेच काही बदलाला घाबरणारे नव्हते.

माझी भूमिका आधीच मांडते. मोठं अपडेट घेतल्यावर ठरावीक मुदतीत, समजा ३० दिवसांत, लगतच्या आधीच्या आवृत्तीवर आपला सगळा डेटा शाबूत ठेवून परत जाता आलं पाहिजे, आणि त्या आधीच्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहिल्या पाहिजेत. कुठल्याही जमान्यातली कुठलीही आवृत्ती फोनवर चढवण्याचा हक्क मी मागत नाही. एकच पायरी मागे, तीही मुदतीत आणि मालकाच्या संमतीने, एवढंच मागते. ते देता येतं, आणि न देण्याची जी कारणं सांगितली जातात त्यांतली बरीचशी दुसऱ्याच प्रश्नाची उत्तरं आहेत.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा, सुरक्षेचा. तो खोटा नाही, आणि त्याला हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझं जमत नाही. जुन्या आवृत्तीतली भोकं जगजाहीर असतात. नवी आवृत्ती आली की कुठलं भोक बुजवलं हे कंपनीच जाहीर करते, आणि ती यादी हल्लेखोरांनाही वाचता येते. फोन चोरणाऱ्याला त्यावर मागची आवृत्ती चढवता आली, तर तो ते जुनं भोक पुन्हा उघडून आत शिरेल. म्हणून तर परतीची वाट अडवणारी यंत्रणा उभी राहिली. आयफोनवर कुठलीही आवृत्ती बसवताना ॲपलच्या सर्व्हरची सही लागते. ती सही त्याच फोनपुरती आणि त्याच आवृत्तीपुरती असते, आणि तिच्यात दर वेळी बदलणारा एक आकडा गुंफलेला असतो, म्हणून जुनी सही जपून ठेवली तरी चालत नाही. नवी आवृत्ती आली की थोड्याच दिवसांत ॲपल जुनीवर सह्या करणं थांबवतं आणि दार बंद होतं. अँड्रॉइडची रीत वेगळी आहे. तिथे फोनच्या आत, सहज खोडता येणार नाही अशा जागी, एक आकडा साठवलेला असतो. सुरू होताना फोन पाहतो की समोरच्या आवृत्तीचा आकडा साठवलेल्यापेक्षा कमी तर नाही ना. कमी असेल तर तो सुरूच होत नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइड १३ सोबत गुगलने आपल्या पिक्सेल ६ मालिकेच्या फोनांत हा आकडा वाढवला आणि नवी आवृत्ती घेतलेल्या त्या फोनांना अँड्रॉइड १२च्या आधीच्या आवृत्त्यांवर परतणं बंद झालं. त्याआधी २०१८ साली शाओमीच्या काही फोनांवर हेच झालं, आणि ज्यांनी सवयीप्रमाणे जुनी आवृत्ती फ्लॅश केली, म्हणजे संगणकावरून फोनवर चढवली, त्यांच्या फोनांचा दगड झाला.

हे सगळं मान्य करूनही एक प्रश्न उरतो. हे कुलूप कोणासाठी आहे? चोरासाठी असेल तर कुलपाने विचारायला हवं, ‘तू कोण?’ ही यंत्रणा विचारते, ‘आवृत्ती कितवी?’ चोर आला तरी तोच प्रश्न आणि मालक आला तरी तोच. घराला कुलूप लावतो ते परक्याला अडवायला, पण घरमालकाच्या खिशात किल्ली असते. कुलूप भक्कम आहे म्हणून मालकालाही बाहेर ठेवा असं कोणी म्हणत नाही. आणि इथे मालक ओळखायची सोय नाही असंही नाही. नवं अपडेट चढवताना फोन तुमचा पासकोड मागतोच ना? तो पासकोड तपासणारी वेगळी, सुरक्षित चिप फोनमध्ये बसलेलीच आहे. पुढे जायला जी ओळख पुरते, ती मागे यायला अपुरी का ठरावी? पासकोड माहीत नसलेल्या चोराला अडवा, जरूर अडवा. पासकोड देऊन, बोट टेकवून, चेहरा दाखवून जो परत जायचं म्हणतो, त्याला चोरांच्या रांगेत उभं करू नका.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे. माणसाला फसवता येतं. फोनवर गोड बोलून कोणीतरी एखाद्याकडून हे बटण दाबून घेईल, मग जुन्या भोकातून आत शिरेल. हा धोका खरा आहे, पण त्यावरचा उपाय याच कंपन्यांनी शोधलेला आहे. २०२४च्या जानेवारीत आयओएस १७.३ मध्ये ॲपलने चोरीपासून संरक्षणाची एक सोय दिली: ती चालू असेल आणि फोन ओळखीच्या जागी नसेल, तर काही महत्त्वाचे बदल करायला चेहरा किंवा बोट लागतं, मग एक तास थांबावं लागतं, आणि त्यानंतर पुन्हा ओळख पटवावी लागते. खात्याचा पासवर्ड बदलण्याइतकी नाजूक गोष्ट जर अशी तासभर थांबवून मालकाच्या हाती ठेवता येते, तर मागच्या आवृत्तीवर जाणंही ठेवता येईल. एक तास कमी वाटत असेल तर एक दिवस ठेवा. ज्याच्या फोनवर रोज वाचता येत नाही असा पडदा आहे, तो एक दिवस आनंदाने थांबेल. आणि परत जायची आवृत्ती जर दुरुस्त्या मिळणारी असेल, तर ते जुनं भोक तिथे नसेलच. या मुद्द्याकडे पुढे येतेच.

तंत्राच्या बाजूने मला सगळ्यात बोलकी वाटते ती अँड्रॉइडची स्वतःची रचना. २०१६ साली अँड्रॉइड ७ पासून दोन कप्प्यांची पद्धत आली. फोन एका कप्प्यातून चालत असताना नवी आवृत्ती गुपचूप दुसऱ्या कप्प्यात चढते. फोन बंद करून चालू केला की नवा कप्पा वापरात येतो. तो नीट सुरू झाला नाही तर फोन आपणहून जुन्या कप्प्यावर परततो, कोणाला न विचारता. साठवलेला तो आकडासुद्धा नवा कप्पा व्यवस्थित चालला याची खात्री पटल्यावरच वाढवायचा असतो. नंतर अँड्रॉइड ११ च्या सुमाराला जागा वाचवण्यासाठी यात आणखी सुधारणा झाली: पूर्ण दुसऱ्या कप्प्याऐवजी फक्त बदल बाजूला साठवायचे, नवी आवृत्ती उभी राहिली की ते मूळ जागेत मिसळून टाकायचे. म्हणजे दर अपडेटच्या वेळी एक क्षण असा येतो की फोनमध्ये दोन्ही आवृत्त्या जिवंत असतात आणि परतीचा रस्ता खुला असतो. तो किती वेळ खुला ठेवायचा हे यंत्र ठरवतं, आणि यंत्राची कसोटी एकच: फोन चालू झाला का? झाला, तर संपलं. चालू झालेला फोन आपल्या माणसाच्या कामाचा राहिला का, हे विचारायची पद्धतच नाही.

माझ्या बाबांच्या बाबतीत तो चालू झालाच होता. बाबांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. त्यांची श्रवणयंत्रं ब्लूटूथने फोनला जोडलेली असतात. फोन आला की आवाज थेट कानात. त्या जोडणीमुळे ते पुन्हा लोकांशी फोनवर बोलू लागले होते, नाहीतर मधली दोन-तीन वर्षं आमच्याकडे कोणाचाही फोन आला की ते तो आईच्या हातात द्यायचे. एका रात्री फोनने मोठं अपडेट घेतलं. सकाळी सगळं चकचकीत होतं, पण फोन लागला की विसाव्या-पंचविसाव्या सेकंदाला उजव्या कानातला आवाज तुटायचा, मग डाव्या, मग दोन्ही यंत्रं पुन्हा जोडली गेल्याची ती बारीक टिंग वाजायची, आणि समोरचा माणूस तोवर वाक्याच्या शेवटाला पोचलेला असायचा. बाबा ‘हं, हं’ करत राहायचे. मी समोर बसून पाहत होते. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं, आणि पुन्हा विचारायला संकोच वाटत होता.

मी जमेल ते सगळं केलं. जोडणी काढून पुन्हा केली, सेटिंग मूळपदावर आणली, श्रवणयंत्रांचं ॲप काढून परत टाकलं. शेवटी मागच्या आवृत्तीची काही जीबींची फाइल उतरवली, फोन केबलने संगणकाला लावला, दोन बटणं दाबून धरली. पट्टी निम्म्यापर्यंत गेली आणि पडताळणी फसल्याचा संदेश आला. सेवा केंद्रातला मुलगा सभ्य होता. म्हणाला, ‘मॅडम, मागचं व्हर्जन आम्हालाही टाकता येत नाही. पुढच्या अपडेटमध्ये येईल ते.’ आलं, सात आठवड्यांनी. त्या सात आठवड्यांत बाबांनी फोन पुन्हा आईच्या हातात द्यायला सुरुवात केली होती. अपडेट बिघडू शकतं, त्याबद्दल मी कोणाला शिव्या देत नाही. इतक्या फोनांवर, इतक्या जोडउपकरणांसोबत काहीतरी निसटणारच. राग येतो तो याचा की काल रात्रीपर्यंत नीट चालणारी वस्तू आमच्याच घरात, आमच्याच पैशाची, आणि तिला कालच्या स्थितीत न्यायची परवानगी आम्हाला नाही.

आता ‘सुरक्षेसाठी’ म्हणणाऱ्यांनी पुढचं ऐकावं. त्यानंतर बाबा अपडेटची सूचना आली की ती बोटाने बाजूला सारतात. रात्री फोन चार्जिंगला लावताना वायफाय बंद करतात. मी समजावते की यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, त्या घ्यायलाच हव्यात. ते विचारतात, ‘आणि पुन्हा कान गेले तर मागचं परत मिळेल का?’ मी खोटं बोलू शकत नाही. असे किती बाबा आणि किती आया असतील? परतीची वाट बंद केल्याने लोक सुरक्षित होतात हे गृहीतच मला चुकीचं वाटतं. जिथून परत येता येत नाही तिथे माणूस जपून, उशिरा जातो, किंवा जातच नाही. परतीची हमी असती तर बाबांनी पहिल्याच दिवशी अपडेट घेतलं असतं.

उशिराची किंमत काय असते ते २०१७ साली दिसलं. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती १४ मार्चला दिली होती. वॉनाक्राय नावाचा, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला १२ मे रोजी आला आणि दोन महिन्यांत दुरुस्ती न घेतलेली यंत्रं बळी पडली. ब्रिटनमधल्या रुग्णालयांनाही त्याचा फटका बसला. ‘अपडेट करूच नका’ असं सांगणाऱ्या माझ्या बाजूच्या लोकांनी हे विसरू नये, तो सल्ला घातक आहे. पण त्याच प्रसंगात आणखी एक गोष्ट घडली: जिचा आधार २०१४ सालीच संपला होता त्या विंडोज एक्सपीलासुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. म्हणजे दुरुस्ती आणि नवं रूप या दोन वेगळ्या वस्तू आहेत, वेगवेगळ्या देता येतात. ॲपलनेही दिल्या आहेत. २०२१ मध्ये आयओएस १५ आली तेव्हा आयओएस १४ वरच राहून सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याचा पर्याय होता. काही महिन्यांतच तो बंद झाला. तो तात्पुरताच होता असं सांगण्यात आलं. आणि २०१३ सालच्या आयफोन ५एसला २०२३च्या जानेवारीत आयओएस १२ साठीची दुरुस्ती मिळाली. नऊ वर्षांहून जुन्या फोनला, चार वर्षांहून जुन्या प्रणालीवर! ज्या फोनला नवं रूप झेपतच नाही त्याला जुन्यावर सुरक्षित ठेवता येतं, मग ज्याला झेपतं पण नको आहे त्याला का नाही? दुरुस्ती आणि नवं रूप एकाच पुडीत बांधून ‘घ्यायचं तर सगळं घ्या’ म्हणायचं, आणि मग कोणी पुडी नाकारली की त्याला बेजबाबदार ठरवायचं, हा सुरक्षेचा युक्तिवाद नव्हे.

मराठीत या प्रसंगाला नेमका वाक्प्रचार आहे: परतीचे दोर कापणं. १६७० साली कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यात आपल्याला शौर्य दिसतं. का दिसतं? कारण दोर कापणारा स्वतः गडावरच होता. परतीचा रस्ता त्याने स्वतःचाही बंद केला होता. फोनचा दोर कापणारा गडाखाली उभा असतो. अपडेटने बिघडलेला कान त्याचा नसतो, अडलेलं काम त्याचं नसतं. स्वतःसाठी मात्र सॉफ्टवेअरचं हे क्षेत्र दोर नेहमी शाबूत ठेवतं. सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवताना मागे कसं जायचं हे आधी ठरवलेलं असतं. तसं न ठरवता बदल करणाऱ्या अभियंत्याला कोणी जबाबदार म्हणणार नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, विमानतळ थांबले. कंपनीने काय केलं? ते अपडेट मागे घेतलं, ७८ मिनिटांत. आणि फोनचंच उदाहरण हवं असेल तर सप्टेंबर २०१४ मधलं आयओएस ८.०.१ आहे. त्याने नव्या आयफोन ६ चं नेटवर्कच घालवलं. ॲपलने तासाभरात ते मागे घेतलं आणि लोकांना सांगितलं, संगणकावरच्या आयट्यून्समधून आयओएस ८.० परत टाका. चूक कंपनीला मान्य झाली तेव्हा मागे जाणं हाच अधिकृत उपाय होता. म्हणजे वाद मागे जाणं योग्य की अयोग्य असा नाहीच. मागे जायची वेळ आली हे ठरवायचं कोणी, असा आहे.

‘फोन तुमचा असला तरी तो आमच्या व्यवस्थेचा भाग आहे, तुम्ही हात लावलात तर सगळ्यांचं नुकसान होईल’ हा सूरही नवा नाही. अमेरिकेत एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी तारेच्या फोनबद्दल हेच म्हणत असे. बोलण्याच्या भागावर बसवायचा हश-अ-फोन नावाचा एक साधा पेला होता, शेजारच्याला बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून. त्यालाही कंपनीने बंदी घालायला लावली, कारण काय तर दूरध्वनी सेवेला अपाय. १९५६ मध्ये न्यायालयाने ते उडवून लावलं. १९६८ मध्ये कार्टरफोन या फोनला जोडायच्या उपकरणाच्या निकालात तिथल्या संपर्क आयोगाने म्हटलं की जाळ्याला अपाय होत नसेल तर लोक आपली उपकरणं जोडू शकतात. पुढे काय झालं? जाळं कोसळलं नाही. तांत्रिक नियम बनले, उपकरणांची नोंदणी सुरू झाली, आणि त्याच मोकळ्या खाचेतून उत्तरयंत्रं, फॅक्स, मोडेम घराघरांत आले. ‘अपाय होईल’ या भीतीत जेवढं तथ्य होतं तेवढ्याचा नियम झाला, बाकीची भीती गळून पडली. मला इथेही हेच हवं आहे.

आता तो आक्षेप, जो मला खरोखर अवघड वाटतो आणि जो या वादात फारसा कोणी मांडतच नाही: डेटाचा. नवी आवृत्ती आली की फक्त पडदा बदलत नाही. संदेश, फोटो, संपर्क ज्या कोठारांत ठेवलेले असतात त्यांची मांडणी बदलते. जुनी आवृत्ती ही नवी मांडणी वाचू शकत नाही, कारण ती लिहिली गेली तेव्हा ही मांडणी अस्तित्वातच नव्हती. अँड्रॉइडवर ॲप लिहिणाऱ्यांना हे रोजचं आहे: कोठार पुढच्या आवृत्तीत न्यायचा कोड प्रत्येक जण लिहितो, मागे आणायचा क्वचितच कोणी, आणि तो नसेल तर ॲप सरळ त्रुटी देऊन थांबतं. नव्या आयओएसवर घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसवर उतरवता येत नाही. अँड्रॉइडमध्ये तर माहिती कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्याच आवृत्तीशी बांधलेल्या असतात. आवृत्ती पुढे गेली की किल्ल्या पुढे जातात आणि मागच्या आवृत्तीला त्या चालत नाहीत. म्हणून आज ज्यांना मागे जाता येतं त्यांनाही बहुतेक वेळा फोन पुसून कोरा करूनच जावं लागतं. ‘एक बटण द्या की’ असं म्हणणाऱ्यांना हे काम किती खोल आहे याची कल्पना नसते, आणि अभियंते त्यांच्यावर चिडतात ते रास्त आहे.

पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे, आणि याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. विंडोज १० आली तेव्हा आधीच्या आवृत्तीवर परत जायला ३० दिवस मिळत. २०१६ पासून ते १० झाले. विंडोज ११ वरही १० दिवस मिळतात. जुनी प्रणाली एका फोल्डरमध्ये बाजूला ठेवलेली असते, परत गेलात तरी तुमच्या फायली राहतात, मधल्या काळात टाकलेली ॲप मात्र जातात, आणि हे आधी सांगितलं जातं. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या बऱ्याच प्रकारांत तर नवं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आलं तरी जुनं लगेच काढत नाहीत. संगणक सुरू होताना यादीतून जुनं निवडायचं, बस. फोनमध्ये जागा कमी असते, खरं आहे. मग जागा नसेल त्याला तसं सांगा. मधल्या दिवसांतली काही माहिती परत जाताना हरवणार असेल तर काय हरवेल ते स्पष्ट लिहा. किल्ल्या आणि कोठारांची मांडणी ३० दिवस दोन्ही आवृत्त्यांना वाचता येईल अशी ठेवा, ते दिवस संपल्यावर पुढे न्या. यासाठी मेहनत लागेल, मान्य. पण दर वर्षी नवं रूप घडवण्यावर जी मेहनत होते तिच्यापुढे ती जास्त आहे असं मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आमच्या बाजूला ‘मुद्दाम फोन मारतात’ म्हणायची जी सवय आहे, तिचाही हिशोब करते. २०१७च्या जानेवारीत आलेल्या आयओएस १०.२.१ मध्ये ॲपलने जुन्या बॅटऱ्यांच्या आयफोनांचा वेग गरजेप्रमाणे कमी करायची सोय घातली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, लोकांनी मोजून दाखवल्यावर, ते मान्य केलं. कारण खोटं नव्हतं: थकलेल्या बॅटरीला भार सहन न होऊन फोन अचानक बंद पडत होता. हेतूवर भांडत बसलो तर हा खटला आपण हरतो. फ्रान्स आणि इटलीने केलेला दंड हेतूवर उभा नव्हता. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला, तो करताना बोट ठेवलं ते यावर की लोकांना अपडेट घ्यायला लावलं, पुरेशी माहिती दिली नाही, आणि फोन पूर्ववत करायचं साधनही दिलं नाही. फ्रान्सने २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरो दंड केला, तेव्हाही मागच्या आवृत्तीवर जाता न आल्याने लोकांना बॅटरी किंवा फोनच बदलावा लागला, हे नोंदवलं. हेतू काहीही असो, दार बंद होतं, आणि दार बंद होतं म्हणून नुकसान झालं. युक्तिवाद एवढाच पुरतो.

एक अपवाद मला पूर्ण मान्य आहे. २०२५च्या जानेवारीत गुगलने पिक्सेल ४एला एक अपडेट दिलं, त्याने काही फोनांच्या बॅटरीची क्षमताच घटवली, आणि जुन्या आवृत्त्यांच्या फायली संकेतस्थळावरून काढल्या. बॅटरी तापून पेटायचा धोका असेल तर परतीची वाट बंद करा, माझी ना नाही. शेजारच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. पण मग त्याला अपडेट म्हणू नका. ते सदोष वस्तू परत बोलावणं आहे, आणि तसं स्वच्छ सांगून, भरपाई देऊन करायचं असतं. भरपाईचे पर्याय गुगलने दिले होते. कारण मात्र इतक्या मोघम शब्दांत सांगितलं होतं की लोक आठवडेच्या आठवडे तर्क लढवत बसले.

‘अँड्रॉइडवर बूटलोडर उघडा आणि हवं ते टाका’ असंही उत्तर मिळतं. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना कोणती प्रणाली चालू द्यायची हे ठरवणारा भाग. काही फोनांवर तो उघडता येतो. पण बूटलोडर उघडताक्षणी फोन पुसला जातो, दर वेळी सुरू होताना इशाऱ्याचा पडदा येतो, पैशांची कित्येक ॲप चालायला नकार देतात, आणि सॅमसंगच्या फोनमध्ये वेगळी प्रणाली चढवली की एक फ्यूज कायमचा उडतो, मग सुरक्षित फोल्डरसारख्या सोयी त्या फोनला पुन्हा कधीच मिळत नाहीत. बाबांना कालचे कान परत हवे आहेत. त्यासाठी त्यांनी फोनची सगळी कुलपं तोडून घ्यावीत?

युरोपीय संघाच्या २०१९च्या डिजिटल सेवांविषयीच्या निर्देशात एक तत्त्व आहे: विक्रेत्याने सेवेत बदल केला आणि ग्राहकाचं किरकोळपेक्षा जास्त नुकसान झालं तर त्याला ३० दिवसांत करार मोडता येतो, मात्र विक्रेत्याने जादा पैसे न घेता बदलाआधीचंच रूप चालू ठेवायची मुभा दिली असेल, तर हा अधिकार लागू होत नाही. ते फोनच्या मूळ प्रणालीसाठी लिहिलेलं नाही, पण विचार नेमका हाच आहे: बदल करा, पण आधीचं ठेवायची सोय द्या. फोनपुरता हा नियम कायद्याने यायला हवा, आणि त्यात ३० दिवसांची मुदत, मालकाची ओळख, वाट पाहण्याचा काळ, आधीच्या आवृत्तीला दुरुस्त्या आणि जिवाच्या धोक्याचा अपवाद, हे सगळं लिहिता येईल. त्याला वर्षं लागतील. पण एक गोष्ट पुढच्याच अपडेटला करता येते. ‘इन्स्टॉल करा’च्या बटणावर आज अपडेट किती जीबींचं आहे ते लिहिलेलं असतं, नव्या सोयींची यादी असते, अटी असतात. त्याच पडद्यावर एक ओळ हवी: हे घेतल्यावर तुम्हाला मागे येता येईल की नाही, आणि येत असेल तर कोणत्या तारखेपर्यंत. ती ओळ वाचून बाबांना स्वतःच ठरवता येईल.